नऊ दिवसांची नोंद

कळंबजवळच्या एका रिसॉर्टमध्ये माझी मुलगी रिसेप्शनला काम करते. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका दुपारी तिचा फोन आला.

"बाबा, आमच्याकडे आयर्लंडच्या एक बाई उतरल्यात. एकट्याच आहेत. घाटाखाली कुठंतरी त्यांच्या घराण्यातलं एक थडगं आहे म्हणे, ते शोधायचंय त्यांना. मी बोलून गेले, माझे वडील तलाठी होते म्हणून. घेऊन येऊ का घरी?"

निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली होती. कर्जतच्या आमच्या घरी कामासाठी कुणी येतं ते वारसनोंदीचा अर्ज भरून घ्यायला, नाहीतर जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ लिहून घ्यायला. पस्तीस वर्षं मी तेच केलं. माणूस गेला की त्याच्यामागं कोण कोण राहिलं ते लिहायचं. विधवा, मुलगे, मुली, वय, राहणार अमुक. तेव्हा कुणी परदेशी बाई आपल्या पूर्वजांचे कागद घेऊन येते आहे हे ऐकून मला उलट बरंच वाटलं. घेऊन ये, म्हणालो.

बाई शहात्तर वर्षांच्या होत्या. उंच, पाठीत थोड्या वाकलेल्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. शाळेत संगीत शिकवत असत. लग्न केलेलं नव्हतं. दारात त्यांनी बूट काढले आणि मोजे घातलेल्या पायांनीच थेट स्वयंपाकघरापर्यंत जाऊन माझ्या बायकोला नमस्कार केला. बायको पोहे परतत होती. तिनं हातातल्या उलथन्यासकट नमस्कार केला आणि दोघी हसल्या. बाईंचं इंग्रजी मला निम्मंच कळायचं. मुलगी मधे बसून सांगत होती.

पोहे झाल्यावर बाईंनी पिशवीतून एक लांब नळकांडं काढलं आणि त्यातला कागद दिवाणावर उलगडला. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून आम्ही चार कोपऱ्यांवर पाण्याचे पेले ठेवले. दिवाणाची लांबी पुरली नाही, एक टोक मुलीनं हातात धरलं. त्यांच्या घराण्याची ती वंशावळ होती. बाईंनी तीस वर्षं खपून केलेली.

सगळ्यात वर एक पाद्री. आयर्लंडच्या दक्षिणेला एका खेड्यात त्याचं देऊळ होतं. बाई म्हणाल्या, देवळात खुर्च्या शंभर आणि माणसं वीस, कारण गावातले सगळे दुसऱ्या पंथाचे. त्या वीसांत पाद्र्याच्या घरचेच अकरा. त्याला नऊ मुलं. थोरला बापासारखाच पाद्री झाला. दुसरा डब्लिनला वकील. तिसरा लष्करात डॉक्टर. चौथा इंजिनिअर. दोन मुली पाद्र्यांनाच दिल्या, एक आईबापांना सांभाळत घरीच राहिली. उरलेली दोन लहानपणीच गेली. त्यांच्या खाली पुन्हा रेघा, पुन्हा पाद्री, डॉक्टर, वकील. पुढे पुढे रेघा विरळ होत गेल्या होत्या. कुणी युद्धात गेलं, कुणी कॅनडात, कुणी लग्नच केलं नाही. घरं विकली गेली, देऊळही बंद पडलं. अगदी खाली बाईंचं नाव, आणि बाजूला दूरच्या एका पुतण्याचं.

"आम्ही तिथले दोनशे वर्षांचे," बाई म्हणाल्या, "पण गावातले आम्हाला इंग्रज म्हणायचे. आणि इंग्लंडला गेलो की तिथले म्हणायचे, हे आयरिश."

मुलीनं ते मराठीत सांगितल्यावर माझी बायको म्हणाली, "बाईमाणसाचं असंच असतं. माहेरी गेलं की सासरची, सासरी माहेरची." मुलीनं हे बाईंना सांगितलं. त्यांनी बायकोच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी कागद बघत होतो. धंद्याच्या नजरेनं म्हणा. आमच्याकडच्या वंशावळीत माणूस, त्याचा बाप, त्याचा आजा, फार तर पणजा. बाई आली तर कुणाची तरी बायको म्हणून. माझ्याच घराण्यात पणज्याच्या वर मला एक नाव सांगता येत नाही, आणि पणजीचं तर नाहीच. इथं प्रत्येक नावाखाली जन्म, नामकरण, लग्न, मरण, सगळं होतं. बायकांचं सुद्धा. मला त्या कामाचा हेवा वाटला, हे खरं सांगतो.

"ही रेघ कुणाची?" बायकोनं विचारलं. तिचं बोट चौथ्या मुलाच्या, म्हणजे इंजिनिअरच्या खाली होतं. त्याला सहा मुलं होती. पहिली रेघ आखूड, खाली एक नाव आणि नुसत्या दोन तारखा लिहिलेल्या.

बाई म्हणाल्या, मी हिच्यासाठीच आले आहे.

मग त्यांनी सांगितलं. हा चौथा मुलगा त्यांचा पणजोबा. घाटातून रेल्वे चढवायचं काम चालू होतं तेव्हा तो नोकरीवर इकडं आला. एकोणीस वर्षांची बायको बरोबर. तीही शेजारच्या गावातल्या पाद्र्याची मुलगी. घाटाच्या पायथ्याला तंबूंची वस्ती होती, तिथं तिला मुलगी झाली. सतरा दिवस जगली. आईला ताप चढला होता, तिला डोलीत घालून मुंबईला हलवलं. नवऱ्यानं मागं राहून मुलीला पुरलं. दोन वर्षांनी नवराबायको परत गेले. पुढे त्यांना पाच मुलं झाली. त्यातला तिसरा बाईंचा आजोबा.

"पणजी नव्वदीपर्यंत जगली," बाई म्हणाल्या. "हिंदुस्थानातून कुणीही परत आलं की ती विचारायची, तुम्ही त्या जागेवरून गेलात का? जागा कुठली ते तिला सांगता यायचं नाही. तिनं पाहिलीच नव्हती. पणजोबांना ठाऊक होती, पण ते कधी बोलले नाहीत. त्यांनी बापाला लिहिलेलं एक पत्र तेवढं आहे. त्यात लिहिलंय की उंचावर आहे, वरून वळण घेणारी नदी दिसते आणि समोरच्या डोंगराला खाच आहे."

"मुलीचं नाव काय?" बायकोनं विचारलं.

बाईंनी नाव सांगितलं. बायकोनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तिला नीट जमलं नाही. बाईंनी पुन्हा म्हणून दाखवलं.

"सतरा दिवसांत नाव ठेवलं होतं?"

"पहिल्याच दिवशी," बाई म्हणाल्या. "ताबडतोब. न जाणो म्हणून."

बायको उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही आला नाही. बाईंनी मुलीला विचारलं, तुम्ही भावंडं किती? मुलगी म्हणाली, दोघं, भाऊ पुण्याला असतो. ती काही खोटं बोलत नव्हती. तिला तेवढंच ठाऊक होतं. मी घाईघाईनं जुन्या गावनकाशांचं काहीतरी बोलायला लागलो.

आम्हाला पहिली मुलगी झाली तेव्हा बायको वीस वर्षांची होती. आम्ही पोशीरला आमच्या गावच्या घरी राहायचो. माझी नेमणूक खालापूर तालुक्यात होती, रोज जाऊन येऊन करायचो. मूल आठव्या महिन्यातच झालं, कर्जतच्या दवाखान्यात. पाचव्या दिवशी घरी आणलं. एवढीशी. रडायची सुद्धा हळू. नवव्या दिवशी सकाळी गेली. बारसं व्हायचं होतं.

आईनं बायकोला खोलीतून बाहेर येऊ दिलं नाही. बाळंतिणीनं बघायचं नसतं म्हणाली. वडिलांनी नव्या टॉवेलात गुंडाळून मूल माझ्या हातात दिलं. चुलतभावानं फावडं घेतलं. वडिलांच्या हातात मिठाची पुडी, खड्ड्यात घालायला. आम्ही तिघं भाताच्या खाचरांमधून नदीकडं निघालो. शेवटच्या बांधावर वडील थांबले आणि म्हणाले, "दे हिकडं. तू मागं फिर रं. पयल्या लेकराला बापानं माती देयाची नसते."

असा रिवाज खरंच आहे का, मला माहीत नाही. तेव्हा विचारलं नाही, पुढंही नाही. मूल त्यांच्या हातात दिलं आणि वळलो. आणि वळताना मला सुटल्यासारखं वाटलं. चव्वेचाळीस वर्षांत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं, की पुढचं आपल्याला बघावं लागणार नाही.

घरी आलो तर बायकोनं खिडकीतूनच विचारलं, "नीट ठेवलंत ना? मीठ घातलंत?"

मी हो म्हणालो.

तिला दूध येत होतं. ते आटावं म्हणून आईनं मोगऱ्याची फुलं फडक्यात घालून छातीला घट्ट बांधली. दोन दिवस घरभर मोगऱ्याचा वास होता. नंतर तिनं मोगऱ्याचा गजरा कधी माळलेला मला आठवत नाही. त्या मुलीबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. बोलू नये अशीच पद्धत होती. दोन वर्षांनी मुलगा झाला, मग ही मुलगी. लोक विचारत, मुलं किती? आम्ही दोघंही म्हणायचो, दोन.

बाईंच्या कामाला मी दुसऱ्याच दिवशी लागलो. खालापुरातली पहिली सात वर्षं उपयोगी पडली. आधी आम्ही पळसदरीच्या बाजूला पाहिलं, कारण रेल्वेची वस्ती म्हटलं की तेच डोळ्यांपुढं येतं. काही मिळालं नाही. मग मला आठवलं, की एका गावच्या जुन्या नकाशात माळावरच्या एका तुकड्यावर बारीक अक्षरात थडगी असं लिहिलेलं होतं. एका हद्दीच्या भांडणात तो नकाशा मी हाताळला होता. तिथं कुणाची थडगी, हे तेव्हा विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रिसॉर्टची गाडी घेऊन आम्ही निघालो. बाई, मुलगी, मी. बायको म्हणाली, मी पण येते. ती असं कुठं सहसा येत नाही. तिनं पायात माझे जुने बूट घातले आणि गाडीत बाईंच्या शेजारी बसली.

गावात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारलं. तो खळ्यात पेंढ्याची उडवी रचत होता.

"हायत ना," तो म्हणाला. "गोऱ्यांची थडगी. आमी ल्हान होतो तवा तिकडं गुरं न्यायचो. आता कोन जातंय? एक दगड तर कुनी धुन्याला नेला व्हता इहिरीवर." त्यानं बाईंकडं बघितलं. "म्हातारी चढंल का पन?"

बाई चढल्या. दोन ठिकाणी बायकोनं त्यांना हात दिला, एका ठिकाणी त्यांनी बायकोला. वर माळावर गुडघाभर वाळलेलं गवत, करवंदीची जाळी, आणि त्यात पाच चौथरे. चार मोठे, एक लहान. कशावरही अक्षर नाही. लहान चौथऱ्याची एक बाजू ढासळलेली. पाठ फिरवून पाहिलं तर खाली नदीचं वळण दिसत होतं. समोरच्या डोंगराला खाच होती. पण आमच्याकडच्या कुठल्या डोंगराला नसते? नंतर तो विहिरीवरचा दगडही पाहिला. कपडे आपटून आपटून गुळगुळीत झालेला.

बाईंनी मला विचारलं, "हीच असेल का?"

मी म्हणालो, "मला लिहून देता येणार नाही. असू शकेल."

त्या म्हणाल्या, "असू शकेल, एवढं मला पुरे."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात बायको त्या लहान चौथऱ्यापाशी खाली बसली होती. तिनं भोवतालचं गवत उपटायला सुरुवात केली. नुसत्या हातांनी, मुळासकट, शेतात निंदणी करावी तसं. बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यांना नीट मांडी घालता येईना, पाय लांब करून बसल्या आणि त्याही उपटू लागल्या. मग बायको खाली बघतच म्हणाली, "सतरा दिवसांची. माझी नऊ दिवसांची होती."

बाईंनी मुलीकडं पाहिलं. सांग, म्हणून. मुलगी माझ्याकडं बघत होती.

"आई काय म्हणतेय, बाबा?"

बायकोच बोलली. "तुझ्या दादाच्या आधीची. थोरली. सांग त्यांना."

मुलीनं इंग्रजीत सांगितलं. पहिल्या वाक्याला तिचा आवाज ठीक होता, दुसऱ्याला फुटला. बाईंनी बायकोचा मातीनं भरलेला हात धरला आणि तसाच धरून ठेवला. मी चार पावलांवर उभा होतो. ती चार पावलं मला टाकता आली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंचं विमान होतं. आम्ही त्यांना सोडून आलो. बायको स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाल सोलायला बसली. रात्रभर भिजवून मोड आणलेले कडवे वाल. एकेक दाणा दाबून बाहेर काढायचा. मी पेपर उघडला.

"मला जागा दाखवाल?" ती म्हणाली.

"कसली?"

"कसली ते तुम्हाला माहीत आहे."

मी पेपर खाली ठेवला. वाटलं, नदीकाठची कुठली तरी एक जागा दाखवावी. एखादं करंजाचं झाड, एखादा दगड. तिचं समाधान होईल. खरं खोटं सांगायला वडील नाहीत, चुलतभाऊही नाही. असा विचार मी केला, हे लपवत नाही. पण आदल्याच दिवशी एका परक्या बाईला मी म्हणालो होतो, की मला लिहून देता येणार नाही.

"मी तिथवर गेलो नव्हतो," मी म्हणालो. "वडिलांनी मला बांधावरून परत पाठवलं."

तिचे हात थांबले. मग पुन्हा सोलू लागले.

"तुम्ही हो म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"मीठ घातलं म्हणाला होतात."

"त्यांनी पुडी नेली होती. घातलं असेल."

"असेल," ती म्हणाली.

तिनं सगळे वाल सोलले. बिरडं केलं. मला वाढलं. स्वतः जेवली नाही. ती रडली असती तर मी काहीतरी केलं असतं. भांडली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर आठवडाभर तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. चहा ठेवलाय. गॅसवाला आला होता. मुलाचा फोन होता. मुलगा पुण्याहून मला म्हणाला, "बाबा, छोटीनं सांगितलं मला. तुम्ही कधी बोलला का नाहीत?" मी म्हटलं, तेव्हा बोलत नसत. तो म्हणाला, "म्हणजे मी दुसरा."

रविवारी मुलीला सुट्टी होती. ती आईला घेऊन पोशीरला निघाली. मी गाडीत बसलो, कुणी नको म्हणालं नाही. आमचं गावचं घर आता चुलतपुतण्यांकडं आहे. तिथं न थांबता आम्ही खाचरांच्या कडेनं पुढं गेलो. भात कापून झालं होतं, नुसते खुंट उरले होते. शेवटच्या बांधावर बायको वळली आणि मला म्हणाली, "तुम्ही इथंच थांबा."

थांबलो. त्या दोघी नदीकडं उतरल्या.

नदीकाठची ती जमीन फार्महाऊसवाल्यांनी घेतली आहे. तारेचं कुंपण, आत हिरवळ, पोहायचा लहान तलाव. माझ्या हाताखालून गेलेले फेरफार ते, पुढे इकडं बदली झाल्यावर मीच नोंदवलेले. बांधावरून मला दोघी दिसत होत्या. कुंपणाला हात लावत बायको या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. मधे कुठं वाकायची, बघायची, पुन्हा चालायची. रखवालदार बाहेर आला, मुलगी त्याच्याशी काहीतरी बोलली, तो परत आत गेला. शेताकडून माझी एक चुलतभावजय येत होती. तिनं लांबूनच हाक मारली, "काय हरवलं काय गं?"

"हो," बायको म्हणाली.

"काय ते सांग की, बगते मी पन."

बायकोनं नुसती मान हलवली. त्या परत आल्या तेव्हा तिच्या लुगड्याला खालून गुडघ्यापर्यंत कुसळं लागली होती. गाडीत मुलगी ती एकेक काढत बसली.

त्या संध्याकाळी मी फुलस्केप कागद घेतला आणि आमची वंशावळ लिहायला बसलो. पणजा, आजा, वडील, मी. बायकोचं नाव माझ्या शेजारी, तिच्या माहेरच्या नावासकट. खाली तीन रेघा. दोन भरल्या. पहिल्या रेघेखाली वय लिहिलं, नऊ दिवस. मग कागद घेऊन बायकोकडं गेलो. ती कपड्यांच्या घड्या करत होती.

"नाव काय लिहू?" मी विचारलं.

तिनं कागद हातात घेतला. "नाव मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी, घरी आणताना. मनातल्या मनात. बारशाला तुम्हाला सांगणार होते."

"मग सांग."

"नाही सांगणार."

तिनं कागद परत दिला आणि पुढची घडी घालायला घेतली. त्या बोलण्यात राग नव्हता. तिच्याकडं मुलीचं एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्या हातात द्यायला तिची छाती होत नव्हती. एकदा दिलं होतं ना तिनं.

आयर्लंडच्या बाई दर पंधरा दिवसांनी मुलीच्या फोनवर दिसायच्या. माझी बायको आणि त्या, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी अर्धा तास जायचा. बाई पियानो वाजवून दाखवत. बायको अंगणातली अळूची पानं दाखवायची. एका रविवारी मी बाहेरून आलो तर बायको फोनसमोर काहीतरी हळू बोलत होती, बाई तिच्यामागून तो शब्द म्हणत होत्या, त्यांना जमत नव्हता, आणि बायको पुन्हा सांगत होती. मी आत आल्याचं दिसताच ती थांबली. मी चपला घालून परत बाहेर गेलो, स्टेशनपर्यंत चालून आलो. समुद्रापलीकडच्या एका बाईला माझ्या मुलीचं नाव ठाऊक होतं. माझ्या दुसऱ्या मुलीलाही ठाऊक होतं, कारण फोन धरून तीच बसली होती. तिला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला आईचं मन मोडावं लागलं असतं, नाहीतर माझं.

गेल्या श्रावणात बाई गेल्या. त्यांच्या त्या दूरच्या पुतण्याचा मेल आला. सगळे कागद त्यानं तिथल्या एका ग्रंथालयाला दिले, म्हणाला, आपल्याला त्यात रस नाही, पण फेकवेना. त्यानं वंशावळीच्या शेवटच्या प्रतीचा फोटो पाठवला होता. इंजिनिअरच्या पहिल्या मुलीपुढं बाईंनी जागेचं वर्णन लिहिलं होतं, आणि त्यापुढं एकच शब्द, बहुधा. मुलीनं तेवढं आईला वाचून दाखवलं. बायको त्या दिवशी जेवली नाही. बाईंसाठी ती माझ्यासमोर मोकळेपणानं रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिनं तो राहू दिला. चव्वेचाळीस वर्षांचं थोडंसं त्यातही असावं.

गेल्या महिन्यात कळंबचा एक शेतकरी आला होता. त्याच्या मुलीला कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा होता, त्याला वंशावळ लागते. बरोबर त्याची आई होती, ऐंशीच्या पुढची. मी नेहमीसारखा अर्ज भरायला घेतला.

"वडिलांना अपत्यं किती?"

"चार," तो म्हणाला. "आमी तिघं भाव, एक बहीण."

मी लिहिलं. आणि पेन खाली ठेवायच्या आधी माझ्या तोंडून गेलं, "आणि लहानपणी गेलेली?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "त्ये कशाला लागतंय, भाऊसाहेब?"

लागत नव्हतं. अर्जात त्याला रकानाही नाही. मी तसं म्हणणार, तोच म्हातारी बोलली. "दोन," ती म्हणाली. "दोनी पोरी. ह्याच्या आदुगरची एक, आन् मागची एक." आणि तिनं दोघींची नावं सांगितली. एका दमात, न आठवता, आत्ता ओट्यावर खेळत असल्यासारखी.

"आये, मला कदी सांगितलं नाय तू," मुलगा म्हणाला.

"तू इचारलं कवा?"

मी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर ती दोन नावं लिहिली. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं कुठली कुठं लिहिली, मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवून पाहिलं. कचेरीत त्या बाजूकडं कुणी बघणार नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कधीपासून उभी होती, माहीत नाही. ती पुढं आली आणि म्हातारीला म्हणाली, "आजी, बसा आरामात. चहा टाकते." मग आत गेली. मी वाट बघितली, तिनं मला हाक मारावी, काही बोलावं. तिनं तिघांपुरता चहा आणला, म्हातारीच्या शेजारी बसली, आणि तिला धाकटीचं विचारू लागली, कशी होती, कुणासारखी दिसायची. माझा कप आत ओट्यावर होता. मी उठून घेतला.